घरचं घरी : कॉम्प्युटरला यूपीएस घेताना

मे महिन्यातली गोष्ट. लातूरहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज असा बसलेला, की मला वाटलं कुणाचं दुखणंखुपणं आहे. तर म्हणाली, "ताई, तू येऊन जा बाई. ह्यांचं आणि लेकराचं बोलणं बंद झालंय. आज अकरा दिवस झाले. ताट वाढलं की एक जण उठतो, मग दुसरा बसतो." भांडण कशावरून, तर कॉम्प्युटरवरून. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली आणि नांदेडहून लातूर गाठलं. तिथे जे पाहिलं आणि त्यानंतर जे शिकले, ते तुम्हाला सांगावं म्हणून आजचा लेख. नेहमीप्रमाणे लोणच्याचा मसाला अपेक्षित धरून बसला असाल तर या वेळी माफ करा. मसाला पुढच्या अंकात.

आधी हकीगत सांगते. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने दोन वर्षं पैसे साठवून, थोडे आईच्या भिशीचे घेऊन, गेम खेळायचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरीच जोडला. दिवसा त्याच कॉम्प्युटरवर माझी भाची लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करते. ती शिकतेही आणि कमावतेही. म्हणजे एकाच यंत्रावर रात्री खेळ आणि दिवसा पोटापाण्याचा धंदा. लाईट जाते-येते म्हणून बहिणीने बाजारातल्या एका दुकानातून यूपीएस आणला होता. दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटरसाठी सगळे हाच नेतात." ६०० व्ही.ए.चा. तिने घासाघीस केली, वर एक एक्स्टेन्शन बोर्ड फुकट मिळवला आणि खुशीत घरी आली.

गंमत अशी, की साधं काम चालू असताना लाईट गेली तर तो यूपीएस बिनतक्रार चालायचा. पण भाचा खेळायला बसला आणि लाईट गेली, की एक लांब शिट्टी आणि सगळं अंधारगुडुप. मेहुण्यांनी यावरून निष्कर्ष काढला, की खेळामुळे यंत्र बिघडतं. नवऱ्यांचे निष्कर्ष कसे निघतात ते आपल्याला माहीत आहेच. एके दिवशी वळिवाच्या पावसात लाईट गेली. त्या वेळी भाची व्हिडिओ तयार करत होती, म्हणजे यंत्र पूर्ण ताकदीने चाललं होतं. पुन्हा ती शिट्टी. कॉम्प्युटर परत सुरू केला तर ज्या हार्ड डिस्कवर एका लग्नातलं हळदीचं सगळं चित्रीकरण होतं, ती डिस्क उघडेना. कॅमेऱ्यातलं कार्ड आदल्या दिवशीच पुसून दुसऱ्या कामाला लावलेलं.

हळद काही पुन्हा लागत नाही हो. त्या मुलीची आजी हळदीत नाचली होती म्हणे. भाचीने पैसे परत केले, चार माणसांत ऐकून घेतलं. मेहुणे भाच्यावर कडाडले, "खेळून खेळून मशीनचा सत्यानास केलास." भाचा म्हणाला, "चूक यूपीएसची आहे." मेहुणे म्हणाले, "यूपीएस काय बोलायलाय का तुझ्याशी?" आणि तिथून अबोला.

मी काही इंजिनिअर नाही. पण घरात एखादी वस्तू नीट चालत नसेल तर दोष वस्तूचा, वापराचा की निवडीचा, हे शोधायची सवय इतक्या वर्षांत लागली आहे. भाच्याच्या मित्राकडे भिंतीच्या प्लगमध्ये बसवायचं एक छोटं मीटर होतं. कोणतं उपकरण त्या क्षणी किती वॅट खातं, ते त्यावर दिसतं. ते आणवलं. मेहुण्यांना मुद्दाम समोर बसवलं. कॉम्प्युटर सुरू करून नुसतं लिहायचं पान उघडलं तेव्हा मीटर ११० दाखवत होतं. भाच्याने गेम सुरू केला. आकडा २००, ३००, ३६० करत ३९० च्या आसपास जाऊन थांबला. मग भाचीने तिचं व्हिडिओचं काम चालू केलं तर तोही आकडा साडेतीनशेच्या वर. आणि यूपीएसच्या मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ६०० व्ही.ए., ३६० वॅट.

मेहुणे लातूरच्या आडतीत मुनीम आहेत. आयुष्य तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत गेलेलं. चष्मा लावून त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे तर बारदान्यासकट वजन सांगितल्यासारखं झालं की!" मैत्रिणींनो, व्ही.ए. आणि वॅट यांतला फरक मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितला नव्हता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला व्ही.ए.चा आकडा म्हणजे बारदान्यासकट वजन. आतला माल म्हणजे वॅट. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा व्ही.ए.च्या साठ टक्के वॅट मिळतात. ६०० ला ३६०, १००० ला ६००, ११०० ला ६६०. सगळ्यांचं प्रमाण असंच असतं असं नाही, म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो "वॅट किती?" हा. दुकानदार पुन्हा व्ही.ए.च सांगायला लागला तर खोका फिरवून आपणच वाचायचं.

आता भार कसा मोजायचा ते पाहू. मीटर मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं तर मुलाला वही घेऊन शेजारी बसवा. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात खादाड भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. भाच्याकडे आर.टी.एक्स. ३०६० आहे, त्याचा आकडा १७० वॅट. ४०६० असेल तर ११५, ४०७० असेल तर २००. काही मोठी कार्डं ३०० च्या पुढे जातात. त्याखालोखाल प्रोसेसर, खेळताना साधारण ८०. बोर्ड, पंखे, डिस्क आणि ते रंगीबेरंगी दिवे (ते कशाला हवेत देव जाणे) मिळून ५० धरा. झाले ३००. पण आतला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला मुलं एस.एम.पी.एस. म्हणतात, तो स्वतःही थोडी वीज उष्णतेत घालवतो. म्हणून भिंतीतून येतात ३४५ च्या आसपास. त्यात मॉनिटरचे ३० आणि इंटरनेटच्या राऊटरचे १० मिळवा. मीटरने दाखवलं होतं तेवढंच येतं.

इथे एक चूक बहुतेक घरांत होते. एस.एम.पी.एस.वर ६५० वॅट लिहिलेलं असतं, ते पाहून कुणी म्हणतं, आपल्याला ६५० वॅटचाच यूपीएस लागणार. तसं नाही. तो आकडा त्या डब्याची ताकद सांगतो, रोजचा खर्च नव्हे. घरात वीस लिटरचा कुकर आहे म्हणून रोज वीस लिटर भात शिजतो का? उलट टोकाची चूक बहिणीची झाली. तिने भार मोजलाच नाही.

जो आकडा येईल त्यावर निदान पाव हिस्सा जास्त धरा. ग्राफिक्स कार्ड मधूनच क्षणभर उसळी मारतं, एवढ्या कमी वेळात की साध्या मीटरला ती दिसतही नाही. ३८५ ला पाव हिस्सा जोडला की ४८० होतात. म्हणजे ६०० वॅट देणारा, खोक्यावर १००० किंवा ११०० व्ही.ए. लिहिलेला यूपीएस हवा. तो ६०० व्ही.ए.वाल्याच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतो. बहिणीने पहिल्यांदाच तो घेतला असता तर एकदाच खर्च झाला असता. पण हे मी तिला त्या दिवशी बोलले नाही. जखमेवर मीठ कशाला?

हा हिशोब झाल्यावर मेहुणे डायरीत आकडे लिहीत बराच वेळ गप्प बसले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, दोघांची ताटं संगंच वाढ." बाकी काही बोलले नाहीत. भाचाही काही बोलला नाही. जेवले मात्र दोघं एकाच पंगतीला.

आता मुद्द्याची गोष्ट. यूपीएस म्हणजे खेळ चालू ठेवायचं साधन नव्हे, हे मुलांना आधी समजावून सांगा. ११०० व्ही.ए.च्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या असतात, स्कूटरच्या बॅटरीएवढ्या. कागदावर त्यांत १६८ वॅट-अवर साठतात. पण बॅटरी भराभर उपसली की ती कागदावरचा हिशोब पाळत नाही. विहिरीला मोठी मोटार लावली की झरे भरायच्या आत तळ दिसतो, तसंच. तेव्हा चारशे वॅटच्या भारावर नव्या बॅटरीत पाच ते आठ मिनिटं मिळतील असं धरून चाला. एवढ्या वेळात काम सेव्ह करायचं, खेळणाऱ्या सवंगड्यांना निरोप द्यायचा आणि यंत्र रीतसर बंद करायचं. काही यूपीएसबरोबर यूएसबीची वायर येते. ती जोडली तर माणूस खोलीत नसला तरी कॉम्प्युटर आपला आपण बंद होतो. भाचीसारख्या मुली व्हिडिओ तयार व्हायला लावून जेवायला जातात, त्यांच्या फार उपयोगाची आहे. घेताना आवर्जून विचारा.

"पण आमच्याकडे तर दोन-दोन तास लाईट जाते," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. तिथे यूपीएसचा नव्हे, इन्व्हर्टरचा विचार करायचा. म्हणून खरेदीला जायच्या आधी एक काम करा. दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर लिहितो ना, तशी पंधरा दिवस लाईट गेल्या-आल्याची वेळ लिहा. पाच-दहा मिनिटं जाते, की तासन् तास? की जातच नाही, नुसती मिचकते?

आपल्या मराठवाड्याला हे लिहायला सांगायची खरं तर गरज नसावी. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं. त्या सुमाराची आणि पुढच्या सहा-सात वर्षांची लोडशेडिंगची वेळापत्रकं आपण फ्रिजवर चिकटवली होती. ज्या भागात वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त, असा त्याचा हिशोब. पहाटे चारला उठून मिक्सर फिरवून घेतलेला माझ्या चांगला लक्षात आहे. २०१२ च्या अखेरीपासून गळती कमी असलेल्या भागांत ते थांबलं. पुढे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईने काही दिवस भारनियमन आलं. पण एकंदरीत आता शहरांत लाईट जाते ती थोड्या वेळासाठी. वळिवाच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडली, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला, किंवा नुसतीच डोळा मिचकावून परत आली. आणि कॉम्प्युटरला हे मिचकणंच बाधतं. पंख्याला अर्ध्या सेकंदाचा पत्ता लागत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मान टाकतो. त्याच्या एस.एम.पी.एस.मध्ये वीज गेल्यावर तग धरायची ताकद असते ती सेकंदाच्या साठ-सत्तराव्या भागाएवढी, म्हणजे सोळा मिलिसेकंदांच्या आसपास. यूपीएस त्याच्या आत, सहा ते दहा मिलिसेकंदांत, बॅटरीवर येतो म्हणून यंत्र चालू राहतं.

इन्व्हर्टरचं इथेच चुकतं. पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो आणि "आहे की आपल्याकडे" म्हणून कॉम्प्युटर त्यालाच जोडतात. तो जोडायला हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासून. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो. एका बाजूला साधा इन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूला यूपीएस असं लिहिलेलं. साध्या बाजूला असेल तर पालट व्हायला वीस ते चाळीस मिलिसेकंद लागतात आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसच्या बाजूला केला की पालट लवकर होतो. मात्र मग तो व्होल्टेजच्या बाबतीत नाजूक होतो. व्होल्टेज १८० च्या खाली किंवा २६० च्या वर गेलं की लाईट असूनही बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गल्लीत यामुळे बॅटरी लवकर खलास होते.

दुसरी तपासणी कानाने करायची. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर तुमचा पंखा घुं घुं करतो का? करत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे त्याची वीज गुळगुळीत लाटेसारखी नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे. पंखा कुरकुरतो पण फिरतो. गेमिंगच्या कॉम्प्युटरचं तसं नाही. त्यातले चांगले एस.एम.पी.एस., ज्यांवर '८० प्लस' असं चिन्ह असतं, ते विजेची लाट पाहून वागतात. त्यांना अशी खडबडीत वीज मानवत नाही. कधी चालतात, कधी भार वाढला की बंद पडतात. त्यांना प्युअर साइन वेव्ह हवी. स्वस्त यूपीएससुद्धा बॅटरीवर गेल्यावर अशीच पायऱ्यांची वीज देतात. बऱ्याच वेळा त्यावर काम भागतं, कारण प्रश्न पाचच मिनिटांचा असतो. पण कॉम्प्युटर महागातला असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस मागून घ्या. सोय होत नसेल तर वॅटमध्ये सढळ हात ठेवा आणि घरी नेल्याबरोबर गेम चालू करून तपासा. चालला नाही तर बदलून देईन, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन म्हणजे बिरबलाची खिचडी.

इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल? १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. आपल्या चारशे वॅटच्या कॉम्प्युटरला नव्या बॅटरीवर दोन-अडीच तास मिळावेत. पण त्याच बॅटरीवर घरातले तीन पंखे, दिवे आणि सासऱ्यांचा टी.व्ही.ही असतो. मग रात्री पंख्यावाचून कुणी झोपायचं, यावर नवं भांडण. म्हणून माझ्या मते इन्व्हर्टर घरासाठी, यूपीएस कॉम्प्युटरसाठी. आणि दोन्ही असतील तर इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावा, मधला पालट तो झेलतो. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तरच हं. स्क्वेअर वेव्हची वीज पाहून यूपीएस गोंधळतो, लाईट गेली असं समजून स्वतःची बॅटरी संपवत बसतो.

दुकानदार तुम्हाला तीन जाती दाखवील. ऑफलाइन, लाइन इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन. ऑफलाइन सगळ्यात साधा, व्होल्टेज जरा खाली-वर झालं की बॅटरीकडे धाव घेतो. लाइन इंटरॅक्टिव्हमध्ये व्होल्टेज सावरायची सोय असते, आपल्या गावांना तोच योग्य. ऑनलाइनमध्ये वीज सतत बॅटरीच्या वाटेनेच फिरते, पालट असा होतच नाही. पण तो महाग, त्याचा पंखा सारखा वाजतो आणि तो स्वतःच वीज खातो. दवाखान्यातल्या यंत्रांना ठीक. घरी गेमसाठी कुणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

आम्ही गंजगोलाईच्या बाजूला पायीच निघालो. मेहुणे, बहीण, भाचा आणि मी, असं वऱ्हाडच. तिसऱ्या दुकानात मनासारखा मिळाला. लाइन इंटरॅक्टिव्ह, ६६० वॅट, मागे यूएसबी. मेहुण्यांनी खोका उलटा करून वजनकाट्यावरच्या पोत्यासारखा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि तयार केल्याची तारीख शोधली. हेही शिकून ठेवा. यूपीएसमधली बॅटरी दुकानात पडून राहिली तरी म्हातारी होते. वर्ष-दीड वर्ष धूळ खात पडलेला माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर सात-आठ तास नुसता चार्ज होऊ द्या, मग वापरा. भाचा अडीच तासांतच हात चोळायला लागला होता. मेहुण्यांनीच दटावलं.

कुठे ठेवायचा? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि बॅटरीचा पहिला शत्रू ऊन. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून, पत्र्याच्या खोलीत किंवा टेबलाखाली कोंडून ठेवू नका. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी. आणि मैत्रिणींनो, त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका! माझ्या बहिणीने घातला होता, झालरीचा, मोराचं चित्र असलेला. सुंदरच होता, पण यूपीएसला श्वास घ्यायला जागा नव्हती.

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीची तऱ्हा वेगळी. चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडते आणि तो पेटतो. म्हणून ती हवेशीर जागीच हवी. देवघराजवळ, समई-निरांजनाच्या आसपास किंवा गॅसपाशी मुळीच नको. तिच्यात पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. बोअरचं क्षारांचं पाणी घातलंत तर बॅटरी गेलीच म्हणून समजा. गाळून-उकळूनही उपयोग नाही. फिल्टरचंही चालत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी ज्या लातूरकरांनी हंड्या-कळशांत मोजून वापरलं, त्यांना विकतचं पाणी बॅटरीत ओतणं जिवावर येतं हे मी समजू शकते. पण दोन-तीन महिन्यांनी लागतं ते लिटर-दोन लिटर, त्यात काटकसर नको.

यूपीएसला काय जोडायचं आणि काय नाही, यावरून घरोघरी घोळ असतो. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राऊटर एवढंच जोडा. राऊटर विसरू नका. नाहीतर यंत्र चालू आणि इंटरनेट बंद, मुलगा हरल्याचा राग आपल्यावर. लेझर प्रिंटर मुळीच जोडू नये, तापताना तो एकदम मोठा भार ओढतो. इस्त्री, मिक्सर यांचं नाव काढू नका. बहिणीच्या घरी फुकट मिळालेल्या त्या बोर्डाला मोबाइलचे चार चार्जर आणि मच्छर पळवायचं यंत्र लटकत होतं. शेवटी ३६० मधले तेवढेही कमीच.

अर्थिंगकडे तर कुणी पाहतच नाही. कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर घरचं अर्थिंग गेलंय असं समजा आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्वतः प्रयोग करू नका. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असतो आणि त्याला ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तशी खड्ड्यातली ओलही उडते. आठवड्याला एक बादली पाणी तिथे घाला, भाज्या धुतलेलं चालेल. तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून मधली पिन कापून दोन पिनांचा करणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना घरात घेऊ नका.

आकाशातल्या विजेपुढे मात्र यूपीएसचं काही चालत नाही. वळिवाचा गडगडाट सुरू झाला की यंत्र बंद करून प्लग भिंतीतून काढून ठेवायचा आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

दोन-तीन महिन्यांतून एकदा चाचणी घ्या. कॉम्प्युटरवर महत्त्वाचं काही उघडं नसताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, प्लग ओढायचा नाही, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. किती मिनिटं टिकतो ते लिहून ठेवा. मिनिटं निम्म्यावर आली की बॅटरी बदलायची वेळ झाली. बहुधा दोन-तीन वर्षांनी येतेच. अख्खा यूपीएस टाकून द्यायची गरज नसते, आतली बॅटरी तेवढी बदलून मिळते. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, अंगणात फोडली तर लेकराबाळांच्या जिवाला धोका. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि बिलात तिची किंमत वळती करून घ्या.

भाच्याने आपणहून एक युक्ती सांगितली, ती पुढे पाठवते. गेममध्ये दर सेकंदाला किती चित्रं दाखवायची, ते बांधून ठेवता येतं. त्याचा मॉनिटर साठच चित्रं दाखवू शकतो, तरी कार्ड दीडशे बनवत होतं. साठावर बांधल्यावर मीटर ३९० वरून ३०० च्या खाली आलं. खेळात फरक त्यालाच कळला नाही. बिल कमी, खोलीतली उष्णता कमी, यूपीएसला दोन मिनिटं जास्त. तुमच्या मुलाला विचारून पाहा, त्याला ठाऊक असेल आणि आपण होऊन सांगणार नाही.

भाचीने आता नियम केलाय. कार्डावरचं चित्रीकरण दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय आणि लग्नघरी व्हिडिओ पोचल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. ती गेलेली डिस्क पुण्याला दाखवून आणली. हळदीतली थोडी चित्रं निघाली, व्हिडिओ निघाला नाही. नाचणाऱ्या आजीचा एक फोटो मिळाला, थोडा हललेला. भाचीने तो मोठा करून, चौकट लावून, स्वतः नेऊन दिला.

नांदेडच्या वजिराबादहून एका भगिनीने विचारलं आहे, की रात्री यूपीएस भिंतीवरून बंद करावा का? कॉम्प्युटर बंद करून यूपीएसचं पुढचं बटण बंद करा, भिंतीवरचं चालूच ठेवा, म्हणजे बॅटरी भरलेली राहते. सुट्टीला महिनाभर गावी जाणार असाल तर मात्र पूर्ण चार्ज करून, प्लग काढून जा. महिन्याहून जास्त दिवस लागणार असतील तर मधे कुणाला तरी येऊन एक दिवस चार्ज करायला सांगा, नाहीतर बॅटरी उपाशी मरते. लॅपटॉपला यूपीएस लागतो का, असंही त्यांनी पत्रात विचारलंय. त्याच्या पोटातच बॅटरी असते, त्याला वेगळा नको. राऊटरला मात्र आता छोटे, हातात मावणारे यूपीएस मिळतात, ते घ्यावेत.

पत्रं पाठवत राहा. लोणच्याच्या मसाल्याचं पुढच्या अंकात, नक्की.